बेस क्लास पुण्याचा, पोर सॉल्ट लेकचं

कोलकात्याच्या पूर्वेला एके काळी खाऱ्या पाण्याची दलदल होती. बिधानचंद्र रॉय मुख्यमंत्री असताना तिथे सॉल्ट लेक हे नवं गाव वसवायचं ठरलं आणि १९६२ साली काम सुरू झालं. हुगळीच्या तळाचा गाळ उपसला, पाण्यात कालवला आणि पाइपांतून आणून त्या दलदलीत ओतला. आराखडा दोब्रिवोये तोश्कोविच नावाच्या युगोस्लाव्ह वास्तुरचनाकाराचा. आधी गाळ, मग भराव, मग सेक्टर, मग ब्लॉक, मग प्लॉट, आणि सगळ्यात शेवटी माणसं. या क्रमात कुणी लुडबुड केली नाही. गाळाचा पाइप चालू असताना काठावर उभं राहून कुणी ‘एफडी ब्लॉकमधल्या रहिवाशांचं यावर काय म्हणणं आहे?’ असं ओरडून विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर एखाद्या बगळ्याने दिलं असतं. आज त्याच भरावावर, सेक्टर फाइव्हमध्ये, वातानुकूलित मजल्यांवर बसून आम्ही जी सॉफ्टवेअरं लिहितो, त्यांत मात्र नेमका हाच प्रश्न रोज विचारला जातो, आणि बगळाही नसतो.

सेक्टर फाइव्ह म्हणजे कोलकात्याचं हिंजवडी. उल्टाडांग्याहून ठासून भरलेल्या शेअर ऑटो, करुणामयीच्या बसगाड्या आणि फेब्रुवारी २०२० पासून मेट्रोसुद्धा, सगळ्या मिळून गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं इथे आणून सोडतात. काचेच्या इमारतींच्या पायाशी ताडपत्रीखाली लुची, आलूर दम, घुगनी, डिम टोस्ट आणि कुल्हडातला चहा. वरच्या मजल्यांवर बँका आणि विमा कंपन्यांचे फॉर्म. खालच्या धंद्याचा हिशेब जास्त चोख असतो असं माझं मत आहे, पण ते अप्रेझलमध्ये बोलायचं नसतं.

सोलापूरच्या मावशीने एकदा फोनवर विचारलं, “अरे, तू तिकडे नेमकं करतोस तरी काय?” मी म्हटलं, “मावशी, लोक फॉर्म भरतात ना, तो बरोबर भरलाय की नाही हे तपासणारं सॉफ्टवेअर लिहितो.” मावशी क्षणभर थांबली आणि म्हणाली, “म्हणजे तहसील कचेरीतल्या खिडकीवरचा कारकून.” इतकी वर्षं मी ज्याला एंटरप्राइज व्हॅलिडेशन फ्रेमवर्क म्हणत होतो, त्याची अशी वासलात लागली. पण खरं सांगायचं तर मावशीचं बरोबरच आहे. खिडकीवर एक पाटी असते, ‘आवश्यक बाबी’. फॉर्म आला की कारकून पाटी वरून खाली वाचतो. पिनकोड सहा आकडी आहे का, शून्याने तर सुरू होत नाही? पॅनमध्ये पाच अक्षरं, चार आकडे आणि एक अक्षर आहे का? आयएफएससी अकरा खुणांचा आहे का, पाचव्या जागी शून्य आहे का? एक बाब चुकली की फॉर्म परत. आमच्या भाषेत त्या पाटीला कलेक्शन म्हणतात, तिच्यावरच्या ओळींना रूल्स, आणि फॉर्म परत करण्याला ‘युजर एक्सपीरियन्स’.

ही पाटी कुणी टांगायची आणि तिच्यावर कुणी लिहायचं, एवढ्यावरून आमच्या ऑफिसात दोन सण वाया गेले, त्याची ही हकिगत.

आमचं मुख्य कार्यालय पुण्याचं. सगळ्या राज्यांना चालेल असा मूळ फॉर्म, म्हणजे बेस क्लास, तिथे लिहिला गेला. तो लिहिणाऱ्यांची बुद्धी अचाट होती यात शंका नाही. फक्त ती नदीच्या अलीकडची होती. पहिलाच नियम: नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही सक्तीची. मराठी माणसाला यात वावगं काय दिसणार? स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, हा क्रम आपल्याकडे बालवाडीच्या दाखल्यापासून चौदाव्याच्या पत्रिकेपर्यंत चालतो. मधलं नाव नसलेला मनुष्य अस्तित्वात असू शकतो, ही शक्यताच डिझाइन डॉक्युमेंटात नव्हती.

बंगालात बाप आपलं नाव स्वतःकडेच ठेवतो. मुलाला दोन नावं मिळतात, पण ती ओळीने येत नाहीत. एक घरातलं ‘डाकनाम’, दुसरं दाखल्यावरचं ‘भालोनाम’. रिझर्व्ह बँकेच्या परीक्षेत वरच्या क्रमांकाने आलेला भारदस्त गृहस्थ घरी बुबाई किंवा पोल्टू असतो, आणि त्याची त्याला अजिबात लाज वाटत नाही. मधल्या जागेत एखादा कुमार, नाथ किंवा रंजन असला तर असला, नसला तर नसला. आडनावाची गंमत याहून वरची. मुखर्जी आणि मुखोपाध्याय ही एकच व्यक्ती असू शकते; वीजबिलावर एक, लग्नपत्रिकेवर दुसरी. तेच चॅटर्जी-चट्टोपाध्याय, बॅनर्जी-बंद्योपाध्याय, गांगुली-गंगोपाध्याय यांचं. पॅनकार्डाचं पाचवं अक्षर आडनावाचं आद्याक्षर असतं, हा नियम माझ्या वाट्याला आला तेव्हा मी धसका घेतला होता. पण गंमत बघा, इंग्रजी लिपीत प्रत्येक जोडीचं पहिलं अक्षर एकच निघतं. ठाकूर आणि टागोरसुद्धा! शेपटी कुणी छाटली असेल ती असो, त्याने आद्याक्षराला हात लावला नाही. आयकर खात्यावर बंगाली समाजाचे एवढे उपकार आहेत, आणि खात्याला त्याचा पत्ताही नसेल.

पत्त्यावरून आठवलं. पुण्याच्या बेस क्लासात ‘भागाचं नाव किमान तीन अक्षरी असावं’ असाही एक नियम होता. पुण्यात तो कधीच मोडला नसता. तिथे नुसत्या पेठेच्या नावात तीन-चार अक्षरं खर्ची पडतात, आणि पुढे मारुती, हौद, वाडा हे वेगळेच. सॉल्ट लेकमध्ये भागाला नावच नाही, इंग्रजी अक्षरांची जोडी आहे. एई ब्लॉक, बीजे ब्लॉक, सीके ब्लॉक, एफडी ब्लॉक. दोन अक्षरं की संपलं. तोश्कोविचने शहर आखताना जणू दोन अक्षरी व्हेरिएबलांचीच शिस्त पाळली होती. इथला माणूस पत्ता सांगताना ब्लॉक सांगतो, मग प्लॉट नंबर, आणि तुमच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही तर पाण्याच्या टाकीचा नंबर. टाक्यांना इथे नंबर आहेत आणि रिक्षावाले त्यांच्यावरच चालतात. ‘अमुक नंबर टाकी’ म्हटलं की रिक्षा हलते. ‘गूगलवर बघा’ म्हटलं की रिक्षावाला आपल्याकडे बघतो.

तर पुण्याचा फॉर्म सॉल्ट लेकमध्ये आला आणि त्याने पहिल्याच दिवशी निम्म्या गावाला बेघर ठरवलं. जीएसटी क्रमांकही २७ ने सुरू व्हायला हवा, असं कुणीतरी ठोकून ठेवलं होतं. २७ हा महाराष्ट्राचा संकेतांक, बंगालचा १९. जीएसटीच्या दृष्टीने आख्खं पश्चिम बंगाल राज्य अवैध निघालं. मग ठरलं की प्रत्येक राज्याने आपापला वारस क्लास लिहावा, बेस क्लासकडून सामाईक गोष्टी घ्याव्यात आणि आपले नियम आपण घालावेत. कल्पना जुनीच आहे. ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड या दोन नॉर्वेजियनांनी सिम्युला ६७ या भाषेत वारसा पहिल्यांदा आणला. नॉर्वेत थंडी भरपूर, माणसं कमी आणि मुख्य कार्यालयं त्याहून कमी; त्यांना ही कल्पना निर्धोक वाटली असावी.

आमच्या बंगाल क्लासमध्ये आम्ही आमची पाटी तयार केली. क्लासच्या अगदी वर, ठसठशीत ओळ: नियमांची यादी, बरोबर, नवी यादी. खाली ‘नियम भरा’ नावाची मेथड, तिच्यात १९ वगैरे. पुण्याच्या बेस क्लासचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे फॉर्म जन्माला येताना चालणारा कोड, ही मेथड स्वतःच हाक मारून बोलावणार होता, तशी डॉक्युमेंटात ग्वाही होती. बटण दाबलं आणि नल पॉइंटर एक्सेप्शन. फाटलं.

आमच्या टीमच्या सीनियर दीदी पुडीतली मुडी खात खात माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. डिबगरचा पिवळा बाण ‘नवा बंगाल फॉर्म’ या ओळीवर होता. एक पाऊल आत टाकलं तर बाण आमच्या फाइलीत न थांबता थेट पुण्याच्या फाइलीत गेला, बेस क्लासच्या कन्स्ट्रक्टरात. बरोबरच आहे, आधी बाप, मग पोर. तिथली पहिली ओळ काहीतरी लॉग करणारी. दुसरी ओळ: ‘नियम भरा’. आणखी एक पाऊल. बाण टुणकन उडी मारून आमच्या फाइलीत, आमच्या मेथडमध्ये. मी माउस यादीच्या नावावर नेला. छोटीशी चौकट उघडली. नल.

“पण वरतीच तर लिहिलंय!” नवा मुलगा जवळपास किंचाळला. खरंच होतं, चार ओळी वर ‘बरोबर नवी यादी’ असं ढळढळीत लिहिलेलं होतं. पण आम्ही ज्या भाषेत लिहितो ते जावा अजून त्या ओळीपर्यंत आलंच नव्हतं. बापाचा कन्स्ट्रक्टर संपूर्ण उरकल्याशिवाय ते पोराच्या घोषणांकडे ढुंकून बघत नाही. आणि बाप तर आपलं काम अर्धवट टाकून पोरालाच हाक मारून बसलेला. पोराची मेथड हजर, पाटी गैरहजर. दीदींनी मुडीचा दाणा तोंडात टाकत सांगितलं, “बाबा मुलाला म्हणतायत, तुझी पाटी काढ. मुलगा म्हणतोय, बाबा, तुमचं आटपलं की मला पाटी मिळणार आहे.” एवढा नेमका रूट कॉज अॅनालिसिस मी पुन्हा कुठल्या अहवालात वाचला नाही.

खाली चहाच्या टपरीवर हे प्रकरण गेलं आणि भाषांचं भांडण सुरू झालं. शेजारच्या टीमचे डॉट नेटवाले दादा लेडो बिस्किट चहात बुडवत म्हणाले, “आमच्या सी शार्पमध्ये हे फाटलंच नसतं.” हेही खरं आहे. सी शार्पमध्ये पोराच्या घोषणेच्या ओळीतल्या वस्तू आधी भरल्या जातात, मग बापाच्या, मग बापाचा कन्स्ट्रक्टर आणि शेवटी पोराचा. म्हणजे यादी घोषणेच्याच ओळीत बनवली तर वाचलात, पण तीच ओळ सभ्यपणे कन्स्ट्रक्टरच्या आत नेऊन ठेवली तर पुन्हा नल. एका ओळीची जागा बदलते आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. दादांना हे विचारल्यावर त्यांचं बिस्किट चहात पडलं.

मग एक सी प्लस प्लस करणारे ज्येष्ठ गृहस्थ बोलले. या भाषेची माणसं कमी बोलतात आणि बोलली की आपण गप्प होतो. त्यांच्याकडे बापाचा कन्स्ट्रक्टर चालू असताना पोर अस्तित्वातच नसतं, ही अधिकृत भूमिका आहे. हाक मारली तरी बापाचीच मेथड चालते. पोराने लिहिलेली कुणी वाचतसुद्धा नाही. आणि बापाने ती मेथड मोकळीच सोडलेली असेल तर कार्यक्रम जागच्या जागी कोसळू शकतो. “निदान खोटी आशा तरी दाखवत नाही,” असं म्हणून त्यांनी कुल्हड फोडलं. पायथनवाली मुलगी म्हणाली, आमच्याकडे बापाला हाक कधी मारायची ते पोरच ठरवतं, आणि विसरलं तर बाप येतच नाही. तिच्याकडे दुसरीच भानगड होती. यादी क्लासच्या अंगणात ठेवली तर सगळे फॉर्म मिळून एकच यादी वापरतात. एकाने नियम घातला की तो सगळ्यांना लागू. हे ऐकून सगळे थोडा वेळ एकत्र कुटुंबपद्धतीवर बोलले. टपरीवाल्या काकूंनी मध्येच विचारलं, आणखी डिम टोस्ट हवेत का. त्या दिवशीचा तो एकमेव प्रश्न होता ज्याला सगळ्या भाषांनी एकच उत्तर दिलं.

खरी फजिती यानंतरची. वर परतलो तर कुणीतरी ‘होये जाबे’ म्हणत तोडगा टाकूनही दिला होता. ‘नियम भरा’च्या सुरुवातीला एक ओळ: यादी नल असेल तर नवी घे. पाटी नाही ना? मग तिथल्या तिथे बनव, लिही, काम संपलं. कार्यक्रम फाटायचा थांबला. बिल्ड हिरवी. रिव्ह्यूवर अंगठे. आणि ते प्रॉडक्शनला गेलं.

आता क्रम पुन्हा बघा. बाप हाक मारतो, पोर घाईघाईने पाटी बनवून तिच्यावर १९ वगैरे सगळे नियम लिहितं, बापाला दाखवतं, बाप समाधानाने आपलं काम संपवतो. आता जावा पोराच्या घोषणांपाशी येतं, आणि तिथे ती ठसठशीत ओळ आहेच: नियमांची यादी, बरोबर, नवी यादी. कोरी करकरीत. लिहिलेली पाटी कचऱ्यात, नवी कोरी पाटी खिळ्याला.

पाटीच नसेल तर मावशीचा कारकून गडबडतो, खिडकी बंद करतो, बाहेर बोंबाबोंब होते, साहेब धावत येतात. पाटी आहे पण कोरी आहे, तर? तो वरून खाली वाचतो, वाचण्यासारखं काहीच सापडत नाही, एकही बाब चुकलेली नाही असा त्याचा प्रामाणिक निष्कर्ष निघतो, आणि तो शिक्का मारतो. प्रत्येक फॉर्मवर. निःशंक मनाने.

काही दिवस सॉल्ट लेकचा फॉर्म परत येण्याचं प्रमाण शून्यावर होतं. डॅशबोर्ड इतका हिरवा झाला की पुण्याहून अभिनंदनाचा मेल आला, ‘बंगाल टीमकडून बाकीच्यांनी शिकावं’ अशा आशयाचा. पिनकोडच्या जागी सहा शून्यं, पॅनच्या जागी फोन नंबर, आडनावाच्या जागी किबोर्डवर ओळीने असलेली चार अक्षरं. सगळं गोड मानून घेतलं जात होतं. उलगडा झाला तो टेस्टिंगच्या मुलीमुळे. तिने वैतागून आपल्या मांजरीच्या नावाने अर्ज भरला, व्यवसायाच्या रकान्यात ‘मासे’ लिहिलं, आणि तिला ‘आपले स्वागत आहे’ असा संदेश आला. मांजर प्राधान्य ग्राहक ठरली होती.

टोनी होअर या संगणकशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी हा नल नावाचा प्रकार आणला, कारण तो आणणं फार सोपं होतं. २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्यांनी स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. थोरांचा आदर राखून मला होअरसाहेबांची बाजू घ्यावीशी वाटते. नल निदान फुटतो, आवाज करतो, लॉगमध्ये ओळ नंबरासकट तक्रार लिहून जातो. कोरी यादी कुणाच्या अध्यात ना मध्यात. रिकाम्या यादीवर फिरलेला लूप एकही आक्षेप न घेता बाहेर येतो आणि त्यालाच आपण ‘सगळं वैध’ म्हणतो. तर्कशास्त्राच्या हिशेबाने ते बरोबरसुद्धा आहे, हे त्यातलं सगळ्यात संतापजनक.

रिकाम्या यादीवर फिरलेल्या नियमाचं कोलकात्यातलं सर्वांत जुनं उदाहरण मराठी माणसावरच बेतलेलं आहे. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज भास्करपंतांच्या हाताखाली बंगालात शिरली. कोलकात्यातल्या इंग्रजांनी आणि रहिवाशांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठा डिच. जगातल्या महागड्या व्हॅलिडेशन रूल्समध्ये याचा नंबर वर लागावा: ‘मराठे आत येता कामा नयेत.’ मराठे कोलकात्यावर आलेच नाहीत. खंदकही पुरा झाला नाही, आणि १७९९ मध्ये बराचसा बुजवून त्याच्यावर सर्क्युलर रोड केला. एकही इनपुट आलं नाही, एकही नाकारलं गेलं नाही, नियम शंभर टक्के यशस्वी. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली अजून आहे. ऑफिसातले लोक मला प्रेमाने ‘बर्गी’, म्हणजे मराठा स्वार, म्हणतात. त्यांना लहानपणी आयांनी ज्याच्या नावाने झोपवलं, तो प्राणी आता त्यांच्या शेजारी बसून कोड रिव्ह्यू करतो, याचं त्यांना भारी कौतुक. मी रिव्ह्यूत काही अडवलं की चौथ मागितला म्हणतात.

असो. यावरचा इलाज कुणी नव्याने शोधायचा नव्हता. जोशुआ ब्लॉक यांनी २००१ मध्ये ‘इफेक्टिव्ह जावा’त लिहून ठेवलं आहे की कन्स्ट्रक्टरने वारसांना बदलता येईल अशी मेथड बोलावू नये. मायक्रोसॉफ्टचाही तसा नियम आहे, नंबर सीए २२१४. आणि गंमत म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच एंटिटी फ्रेमवर्कचं एक अवजार डेटाबेसवरून क्लास बनवून द्यायचं, त्या क्लासांच्या कन्स्ट्रक्टरात बदलता येण्याजोग्या कलेक्शन प्रॉपर्टीच भरलेल्या असायच्या, आणि डोक्यावर पाटी छापून यायची: सीए २२१४ कडे दुर्लक्ष करावे. ‘येथे थुंकू नये’ लिहिणाऱ्याच्याच तोंडात पान असण्याचा हा प्रकार.

आम्ही पुण्याला कळवलं. साधी मागणी होती. यादी बेस क्लासने स्वतः बनवावी, घोषणेच्याच ओळीत, आणि ती खाजगी, न बदलणारी ठेवावी, म्हणजे पोराला ती फेकून दुसरी टांगता येणार नाही. बापाने पोराला हाक मारू नये. बापाचं सगळं आटपलं की पोराने आपल्या कन्स्ट्रक्टरात एकेक नियम त्या यादीत टाकावा. डॉट नेटमध्ये फ्लुएंट व्हॅलिडेशन नावाची लायब्ररी नेमकं हेच करते: बेस क्लास यादी तयार ठेवून गप्प उभा असतो, वारस ‘रूलफॉर, रूलफॉर’ म्हणत भर घालत जातो. गप्प उभा राहणारा बाप! पुण्यात यावर प्रदीर्घ चर्चा झाली असणार.

उत्तर आलं, ‘बेस क्लासला हात लावता येणार नाही, त्यावर इतर राज्यं उभी आहेत.’ मग गणपती आले आणि पुण्यातलं कुणी फोनला सापडेना. गौरी-गणपती, विसर्जन, विसर्जनानंतरचा थकवा. ते परत आले तेव्हा सॉल्ट लेकमध्ये पूजेचे मांडव चढायला लागले होते, आणि षष्ठीपासून दशमीपर्यंत बंगाली माणसाकडून काही करवून घेणं हे कुठल्याच भाषेच्या आवाक्यात नाही. मधे जे काही मोकळे आठवडे मिळाले त्यांत मीटिंगा झाल्या. शेवटी ज्यांनी मूळ बेस क्लास लिहिला होता ते पुण्याचे सर स्वतः कॉलवर आले, पाच मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिले, म्हणाले, “बरोबर आहे तुमचं,” आणि कन्स्ट्रक्टरमधली ती दुसरी ओळ खोडली. इतक्या शांतपणे खोडली की आमच्याकडे दोघांना रडू आलं, आणि पुण्याच्या मॅनेजरने मिनिट्समध्ये तिची नोंद ‘आर्किटेक्चरल इव्होल्यूशन’ अशी केली.

आता १९ चालतो. दोन अक्षरी ब्लॉक चालतात. मांजरीचं खातं बंद केलं; तिने आक्षेप घेतला नाही.

एकच गोष्ट राहिली. यादी बेस क्लासची, खाजगी, न बदलणारी, आणि तिच्यात पोराला फक्त भर घालता येते. काढता काहीच येत नाही. भागाच्या अक्षरांचा आणि २७ चा नियम सरांनी त्या दिवशी स्वतःच उचलून महाराष्ट्राच्या क्लासमध्ये नेऊन ठेवला. मधलं नाव सक्तीचं, हा मात्र सामाईकच राहिला, कारण ‘मधलं नाव तर सगळ्यांनाच असतं.’ तो आता कन्स्ट्रक्टरमध्ये योग्य क्रमाने, योग्य वेळी, एकदाही न फाटता लागू होतो.

त्यामुळे सॉल्ट लेकच्या शाखेत काउंटरवरचे दादा मधल्या नावाच्या जागी टिंब देतात. एक टिंब, की फॉर्म पुढे. काही महिन्यांनी पुण्याच्या लक्षात आलं की बंगालातल्या हजारो ग्राहकांच्या वडिलांचं नाव टिंब आहे. लगेच बेस क्लासमध्ये नवा नियम पडला: मधलं नाव किमान दोन अक्षरी असावं. मी काउंटरवर सांगायला गेलो, तोवर दादांनी आपला आपण अपग्रेड करून घेतला होता. समोर एक चट्टोपाध्याय आजोबा बसले होते. दादांनी त्यांना न विचारताच दोन टिंबं दिली, आणि फॉर्म पुढे गेला.